कोळशाची वही: 'स्टारड्यू व्हॅली'त निसर्ग जपणारं पात्र चालवताना (प्रकल्प नोंदी, सातारा)

७ जून २०२५, शनिवार. मांडणी

खेळ 'स्टारड्यू व्हॅली', म्हणजे संगणकावरचा शेतीचा खेळ, आवृत्ती १.६. एरिक बॅरोन यांनी एकट्याने बनवलेला हा खेळ २६ फेब्रुवारी २०१६ ला बाजारात आला. पात्राचं नाव वेण्णा, शेताचं नाव कास. खेळात मराठी भाषा नाही, त्यामुळे दोन्ही नावं रोमन अक्षरांत टाकली. एक ऋतू २८ दिवसांचा, वर्ष ११२ दिवसांचं. खेळातला दिवस सकाळी ६ ते रात्री २ चालतो आणि घड्याळात साधारण १४ मिनिटं घेतो, म्हणजे सलग बसलं तर एका ऋतूला साडेसहा तास लागतात. शनिवार-रविवारी मिळून तेवढं जमेल असा अंदाज आहे. एकाने खेळायचं, दुसऱ्याने वही धरायची.

वही कशासाठी, ते आधीच लिहून ठेवतो. या खेळात प्रदूषण मोजणारा काटा नाही. अख्खं रान तोडलं तरी कुणी अडवत नाही, नदी आटत नाही, हवा काळवंडत नाही. पात्र निसर्ग जपणारं आहे की नाही हे खेळ सांगणार नाही, ते आपल्यालाच मोजावं लागतं. म्हणून वहीत तीन रकाने पाडले: तोडलेली आणि लावलेली झाडं, जाळलेला कोळसा, पाण्यातून काढलेला कचरा.

शेताचा प्रकार 'फॉरेस्ट फार्म' निवडला. नांगरायची जमीन साध्या शेताच्या निम्म्याहून कमी मिळते. पण पश्चिमेच्या बाजूला ८ मोठे बुंधे रोज नव्याने उगवतात आणि प्रत्येकातून २ हार्डवूड (कठीण लाकूड) मिळतं. इमारती लाकडासाठी दुसऱ्या कुठल्या रानाला हात लावावा लागत नाही.

पाळायचे नियम: एक झाड तोडलं की दोन बिया लावायच्या. चारकोल किल्न बनवायचं नाही, कारण ते १० लाकूड खाऊन १ कोळसा देतं. खाणीत बॉम्ब वापरायचे नाहीत. मासे फक्त बंडलांपुरते (गावाच्या कम्युनिटी सेंटरला द्यायच्या वस्तूंचे संच) धरायचे. जोजा या बड्या दुकानाचं ५,००० गोल्डचं (गोल्ड म्हणजे खेळातला पैसा) सदस्यत्व कधीच घ्यायचं नाही. ते एकदा घेतलं की कम्युनिटी सेंटरचं कायमचं गोदाम होतं, तिथून मागे फिरता येत नाही. रानातला अर्धा रानमेवा जागेवरच सोडायचा.

८ जून, रविवार. वसंत १ ते ५

हाती ५०० गोल्ड आणि भेट मिळालेल्या पार्सनिपच्या (गाजरासारखं कंदमूळ) १५ बिया. पार्सनिप ४ दिवसांत तयार होतो, बी २० ला, विक्री ३५ ला. पहिल्या दिवशी बटाटे घेतले नाहीत. बटाट्याचं बी ५० ला आणि पीक ६ दिवसांनी येतं, तेवढा पैसा अडकवणं परवडत नाही.

शेतात शेकडो काटक्या पडलेल्या असतात. पहिले पाच दिवस लाकूड त्यांतूनच घेतलं, उभं झाड एकही तोडलं नाही. काटकीतून एकच लाकूड मिळतं पण ताकदही कमी लागते. सुरुवातीला दिवसाची ताकद २७० असते आणि दर वाफ्याला पाणी घालताना २ जातात. १५ वाफ्यांना ३० गेले की उरलेली सगळी काटक्यांवर घालता येते.

पिकं पंधरा-सोळाच्या वर गेली की कावळे येतात. बुजगावण्याला ५० लाकूड, २० फायबर आणि १ कोळसा लागतो. कोळशाच्या रकान्यातली ही पहिली नोंद.

१४ जून, शनिवार. वसंत ६ ते १६

झाडांचा हिशेब सुरू झाला आणि पहिली चूकही इथेच झाली.

एका पूर्ण झाडातून बुंध्यासकट सरासरी १५ लाकूड धरलं आहे. कम्युनिटी सेंटरच्या कन्स्ट्रक्शन बंडलला ९९ आणि ९९ असं दोनदा लाकूड, ९९ दगड आणि १० हार्डवूड लागतं. म्हणजे एका बंडलमागे तेरा-चौदा झाडं. झाड तोडताना बी बहुधा मिळतं. कमी पडलं तर उभी झाडं रोज हलवायची, अधूनमधून एखादं बी पडतं.

पहिल्या २४ बिया ऊस लावतात तशा एका सरीत लागोपाठ लावल्या. तसं करू नये. रोप पाचव्या म्हणजे शेवटच्या टप्प्यावर जाताना त्याच्या आजूबाजूच्या आठ चौकटींत पूर्ण वाढलेलं झाड असलं, तर ते तिथेच अडकतं. ओळीत एखादंच पुढे जातं आणि शेजारची कायमची खुजी राहतात. दोन झाडांत एक चौकट मोकळी सोडली की ही अडचण येत नाही. मधल्या १२ बिया खणून पुन्हा लावल्या. रोप लहान असतानाच खणलं तर बी परत मिळतं, मोठं झाल्यावर मिळत नाही.

वाढ रोज होत नाही. दर रात्री टप्पा पुढे सरकण्याची शक्यता २० टक्के, त्यामुळे बी लावल्यापासून पूर्ण झाड व्हायला साधारण २४ दिवस जातात. हिवाळ्यात खताशिवाय वाढ थांबते. शरदात १० तारखेनंतर लावलेली बी पुढच्या वसंतातच वर येणार असं धरून चालावं.

पूर्ण वाढलेलं झाड शेतात उभं ठेवलं तर ते स्वतःच तीन चौकटींच्या आत बी टाकत राहतं. त्यामुळे रान सलग साफ न करता ठिपक्यांसारखं तोडावं, मध्ये मध्ये जुनी झाडं ठेवावीत. रान आपोआप भरत येतं. गावाच्या वाटेवर बी लावू नये, येणाजाणाऱ्यांच्या पायाखाली जातं.

१५ जून, रविवार. वसंत १७ ते १९

एवढंच: हा खेळ फक्त रात्री झोपताना साठवला जातो. पावसात लाईट गेली आणि इन्व्हर्टर नसेल, तर तो अख्खा दिवस परत खेळावा लागतो. जून ते सप्टेंबर साताऱ्यात खेळत असाल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करूनच बसा. वहीतली नोंद झोपल्यानंतरच करावी, नाहीतर वही पुढे आणि खेळ मागे राहतो.

२१ जून, शनिवार. वसंत २० ते २८

हार्डवूडसाठी तांब्याची कुऱ्हाड लागतेच. ५ कॉपर बार (तांब्याच्या लगडी) आणि २,००० गोल्ड द्यायचे, कुऱ्हाड लोहाराकडे दोन दिवस राहते. दोन टॅपर (झाडाचा चीक गोळा करणारं साधन) बनवून मेपलला लावले, प्रत्येकी ४० लाकूड आणि २ कॉपर बार. मेपलचा चीक, म्हणजे मेपल सिरप, ९ दिवसांनी मिळतो. पुढे मधपेट्यांना तो लागणार असल्याने टॅपर आत्ताच लावले.

इथे या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हाती लागली. भट्टीत कुठलाही बार पाडायला ५ ओर (कच्चं खनिज) आणि १ कोळसा लागतो. तांबं, लोखंड, सोनं, कशालाही तोच १ कोळसा. साध्या क्वार्ट्झचं रिफाइन्ड क्वार्ट्झ करायलाही १ कोळसा जातो. म्हणजे खेळातली प्रत्येक वस्तू कोळशात मोजता येते. तशी मोजली तर जी यंत्रं नुसती बघून पर्यावरणाची वाटतात, त्यांतली काही सगळ्यात महाग पडतात.

या आठवड्यातली उदाहरणं. कुऱ्हाड ५ कोळसे. दोन टॅपर ४. बुजगावणं १. रीसायकलिंग मशीनला २५ लाकूड, २५ दगड आणि १ आयर्न बार, म्हणजे अवघा १ कोळसा. त्याची कृती मासेमारीची पातळी ४ झाली की मिळते. 'मासे फक्त बंडलांपुरते' या नियमामुळे ती पातळी गाठायला वेळ लागला. बंडलांना लागणारे मासेच मोठ्या पाण्यातून धरले आणि गळाला येणारा कचरा मोजत गेलो.

साधा खरेदीचा उपाय आहे: लोहार पहिल्या वर्षी कोळसा १५० गोल्डला विकतो. पण विकत घेतला तरी तो कुठून तरी खणलेलाच असतो. विकतचा कोळसाही त्याच रकान्यात धरायचा असं ठरवलं.

२८ जून, शनिवार. उन्हाळा १ ते ५

खत. प्रत्येक झाडातून ५ सॅप (झाडाचा चिकट रस) मिळतो आणि २ सॅपचं एक साधं खत होतं. झाड तोडलंच असेल तर सॅप विकून टाकू नका, नगाला अवघे २ गोल्ड येतात. दुकानात तेच खत १०० ला आहे. खत बी पेरण्याआधी किंवा बी अंकुरण्याआधी टाकावं लागतं, नंतर जमीन ते घेत नाही. क्वालिटी क्रॉप्स बंडलसाठी खरबुजाच्या ८ वाफ्यांना खत घातलं. त्या बंडलला सोन्याच्या दर्जाची ५-५ फळं लागतात आणि वसंतातला पार्सनिप त्यात आधीच देऊन झाला होता.

पाणी. खेळात पाणी संपत नाही. माण, जत, आटपाडीकडच्या माणसाला हे पाहून चुटपुट लागते, पण खेळाची रचना तशीच आहे. पाणी वाचवलं तर वाचते ती पात्राची ताकद. बेसिक रिटेनिंग सॉइल नुसत्या २ दगडांचं होतं, कोळसा शून्य, आणि त्याने तीनातल्या एका वाफ्याचा ओलावा दुसऱ्या दिवशी टिकतो. शेतीची पातळी ४ झाली की आधी हेच करा, मग स्प्रिंकलरकडे वळा.

स्प्रिंकलर कोळशात असे पडतात:

साधा: १ कॉपर, १ आयर्न बार. २ कोळसे, ४ वाफे. वाफ्यामागे अर्धा कोळसा.
क्वालिटी: १ आयर्न, १ गोल्ड बार, १ रिफाइन्ड क्वार्ट्झ. ३ कोळसे, ८ वाफे. क्वार्ट्झ कचऱ्यातून काढलं तर २ कोळसे, म्हणजे वाफ्यामागे पाव.
इरिडियम: १ गोल्ड, १ इरिडियम बार, १ बॅटरी पॅक. २ कोळसे, २४ वाफे. वाफ्यामागे एक दशांशाहून कमी.

साधे स्प्रिंकलर बनवायचेच नाहीत हे यावरून ठरलं. शेतीची पातळी ६ होईपर्यंत झारी.

५ जुलै, शनिवार. उन्हाळा ६ ते १०. क्रॅब पॉट आणि कचरा

मासेमारीची पातळी ५ झाली की दोन वाटा फुटतात, फिशर आणि ट्रॅपर. ट्रॅपर घेतलं. एरवी एका क्रॅब पॉटला (पाण्यात ठेवायचा खेकड्यांचा सापळा) ४० लाकूड आणि ३ आयर्न बार लागतात, ट्रॅपरला २५ लाकूड आणि २ कॉपर बार. एका पॉटमागे १ कोळसा आणि १५ लाकूड वाचलं.

त्याआधी क्रॅब पॉट बंडल पुरं केलं, त्याचं बक्षीस ३ पॉट. दहांपैकी पाच प्रकारचे प्राणी द्यायचे असतात आणि ते पॉटशिवायही जमतात. क्लॅम, कॉकल, मसल आणि ऑयस्टर समुद्रकिनाऱ्यावर पडलेले मिळतात, खेकडा खाणीतल्या रॉक क्रॅबकडून. म्हणून बनवावे लागले फक्त ७. लाकूड १७५, कोळसा १४.

आता मुख्य मुद्दा. आमिष घातलेल्या पॉटमध्ये २० टक्के वेळा कचरा येतो असं हिशेबाला धरलं आहे. १० पॉट म्हणजे दिवसाला सरासरी २ नग. कचऱ्याचे पाच प्रकार आहेत आणि ते साधारण सारख्या प्रमाणात येतात: ट्रॅश, वाहून आलेलं लाकूड, ओला पेपर, फुटकी सीडी, फुटका चष्मा. मशीनमध्ये घातल्यावर खेळातल्या एका तासात काय निघतं ते असं. ट्रॅशमधून जवळजवळ अर्ध्या वेळा दगड, ३० टक्के वेळा कोळसा, २१ टक्के वेळा लोखंडाचं ओर, सगळं १ ते ३ नग. वाहून आलेल्या लाकडातून ७५ टक्के लाकूड आणि २५ टक्के कोळसा, तेही १ ते ३. पेपरमधून बहुतेक वेळा ३ मशाली, दहांतून एकदा कापड. सीडी आणि चष्म्यातून हमखास १ रिफाइन्ड क्वार्ट्झ.

२८ दिवसांच्या ऋतूला मांडलं तर ५६ नग येतात. त्यातून कोळसा १२ च्या आसपास आणि रिफाइन्ड क्वार्ट्झ २२. कोळशासाठी मशीन लावलं असं वाटतं, पण खरी कमाई क्वार्ट्झची आहे, कारण तेवढंच क्वार्ट्झ भट्टीत करायला आणखी २२ कोळसे जाळावे लागले असते. मिळालेले आणि वाचलेले धरून ३४. पॉट आणि मशीनवर गेलेले १५ कोळसे अर्ध्या ऋतूत फिटतात. पूर ओसरल्यावर कृष्णाकाठच्या झुडपांत अडकलेलं प्लास्टिक ज्यांनी हातांनी काढलंय, त्यांना कचऱ्याची अशी किंमत होताना बघून बरं वाटेल.

काय बिघडतं: आमिष विसरलं की पॉट रिकामा राहतो. किड्याच्या एका मांसातून ५ आमिषं होतात, दुकानात एक ५ गोल्डला मिळतं. दहा पॉटना ऋतूभर २८० लागतात, म्हणजे १,४०० गोल्ड. पातळी १० ला पुन्हा दोन वाटा येतात. मरिनर घेतलं तर कचरा येणंच बंद होतं. म्हणून या पात्राने ल्यूरमास्टर घ्यावा, मग आमिषही लागत नाही. पैशाच्या दृष्टीने उलटं बरोबर असेल, इथे नाही.

पॉट एकाच डोहात ठेवा. दोन ठिकाणी ठेवले की रोजची एक फेरी वाढते.

१२ जुलै, शनिवार. उन्हाळा ११ ते १८. मधपेट्या

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये जाहीर झालेलं देशातलं पहिलं मधाचं गाव. साताऱ्याचं पात्र म्हटल्यावर मधपेट्या हव्यातच. पण वहीत त्यांचा आकडा बघून थांबावं लागलं.

एका बी हाऊसला ४० लाकूड, ८ कोळसे, १ आयर्न बार, १ मेपल सिरप. बारचा धरून ९ कोळसे. आठ पेट्यांचं मधुबन करायचं ठरवलं होतं: ७२ कोळसे आणि ३२० लाकूड, म्हणजे एकवीस-बावीस झाडं. १० क्रॅब पॉट पूर्ण ऋतूत जेवढा कोळसा देतात त्याच्या सहापट. त्यामुळे चारच पेट्या केल्या: ३६ कोळसे, १६० लाकूड, ४ सिरप. दोन टॅपरच्या दोन फेऱ्यांत ४ सिरप नेमके जमले. उन्हाळा १० ला पेट्या बसल्या.

मध दर ४ दिवसांनी मिळतो. पेटीपासून ५ चौकटींच्या आत फुललेलं फूल असेल तर मध त्या फुलाचा, नाहीतर रानमध. भाव काढायचं सूत्र सोपं आहे: १०० अधिक फुलाच्या भावाची दुप्पट. रानमध १००, ट्यूलिप १६०, ब्लू जॅझ २००, समर स्पँगल २८०, पॉपी ३८०, फेअरी रोझ ६८०. उन्हाळ्याला पॉपी घेतली, बी १०० ला, ७ दिवसांत फुलते.

बिघडलं ते असं. पहिल्या फेरीच्या सकाळी आधी पॉपी तोडली गेली आणि मग पेट्या रिकाम्या केल्या. मध कुठल्या फुलाचा हे पेटी रिकामी करण्याच्या क्षणी ठरतं, मागचे चार दिवस फूल होतं की नव्हतं याला किंमत नाही. चारही बाटल्या रानमधाच्या निघाल्या, ४ गुणिले २८० म्हणजे १,१२० गोल्ड गेले. पेट्यांच्या मध्ये नंतर फुलणाऱ्या तीन जादा पॉपी लावलेल्या होत्या, म्हणून पुढच्या फेऱ्या वाचल्या. पेट्यांजवळचं फूल ऋतू संपेपर्यंत तोडायचं नाही. त्याच्याभोवती चार चौकटींत कुंपण घातलं की चुकूनही हात लागत नाही, पेट्यांना कुंपणाची अडचण होत नाही.

हिवाळ्यात पेट्या मध देत नाहीत, पण माश्या मरतही नाहीत. आपल्याकडे सातेरीच्या पेट्यांना पावसाळ्यात साखरेचा पाक घालावा लागतो, इथे तसलं काही करावं लागत नाही. शरदासाठी फेअरी रोझ १ तारखेलाच लावा. १२ दिवस लागतात, १३ ला फुलते, तीन फेऱ्या तरी मिळतात.

१९ जुलै, शनिवार. उन्हाळा १९ ते २८. एक नियम मागे घेतला

'अर्धा रानमेवा जागेवर सोडायचा' हा नियम कास पठारावरच्या शिस्तीवरून घेतला होता. तिथे तो बरोबर आहे, फूल राहिलं तर बी धरतं. खेळात रानमेवा बी धरत नाही. तो रोज नव्याने टाकला जातो. एका भागात ठरावीक संख्या झाली की नवीन पडणं थांबतं आणि शनिवारी रात्री उरलेलं सगळं पुसलं जातं. म्हणजे सोडलेलं फळ कुणालाच मिळत नाही, उलट नवीन यायला अडवतं.

त्याऐवजी रानबियांचा नियम केला. वसंतात रानमुळा, डॅफोडिल, लीक आणि डँडेलियन यांचा एकेक नग घेतला की १० रानबिया होतात, ७ दिवसांत पीक येतं. कोळसा शून्य, लाकूड शून्य. चार नगांतून दहा झाडं उभी राहतात, त्यातली चार पुन्हा बियांना ठेवायची. उन्हाळ्यालाही असंच त्या ऋतूचं मिश्रण आहे. शेताच्या दक्षिण कडेची पट्टी त्यासाठी राखली.

२७ जुलै, रविवार. शरद १ ते १५

शरद २ पासून गावात विशेष कामांचा फलक लागतो. लायनस नदीकाठी नाही, डोंगराच्या पायथ्याला तंबूत राहतो, पण पाण्यातल्या कचऱ्याची काळजी त्यालाच. त्याचं 'कम्युनिटी क्लीनअप' हे काम आलं की लगेच घ्या. ७ दिवसांत पाण्यातून २० नग कचरा काढायचा. १० पॉटमधून सात दिवसांत १४ येतात, उरलेले गळाने. बक्षीस ५०० गोल्ड आणि फायबरच्या बियांची कृती. ती मिळाली की फायबरसाठी तण कापत हिंडावं लागत नाही. काम आलं नाही तर सोमवारी फलक बदलतो, तेव्हा पुन्हा बघा.

गावातल्या कचराकुंड्या उपसायच्या असतील तर कुणी ७ चौकटींच्या आत नाही हे पाहून उपसा. बघणाऱ्याची मैत्री २५ ने घटते. एकटा लायनस खूश होतो.

क्वालिटी स्प्रिंकलर ६ बनवले, क्वार्ट्झ सगळं कचऱ्यातलं. १२ कोळसे, ४८ वाफे. यापुढे झारी फक्त रानबियांच्या पट्टीला.

लाइटनिंग रॉड (पडलेल्या विजेची बॅटरी करणारी सळी) २. एकाला १ आयर्न बार, १ रिफाइन्ड क्वार्ट्झ आणि ५ वटवाघळांचे पंख. कोळसा एकच, कारण क्वार्ट्झ कचऱ्यातलं. पंखांनी मात्र अवघडल्यासारखं झालं. वेण्णाने शेतातल्या गुहेत मशरूमऐवजी फळखाऊ वटवाघळं ठेवली आहेत, ती रोज फळं आणून टाकतात, आणि तीच बाई खाणीत वटवाघळं मारते. खाणीच्या ३१ ते ३९ मजल्यांवर ती स्वतःहून अंगावर येतात, टाळता येत नाहीत. त्यामुळे वाट अडवणाऱ्यांचेच पंख घ्यायचे, पंखांसाठी मुद्दाम खाणीत उतरायचं नाही, असं ठरलं. दहा पंख जमायला शरद उजाडला तो यामुळे.

रॉड उन्हाळ्याआधी झाले असते तर दोन बॅटऱ्या जास्त मिळाल्या असत्या. उन्हाळा १३ आणि २६ ला वीज कडाडते हे ठरलेलं असतं.

३ ऑगस्ट, रविवार. शरद १६ ते २८

कोंबड्यांचा खुराडा यंदा नाही. ३०० लाकूड म्हणजे २० झाडं, ती या वर्षी तोडायची नाहीत. त्यामुळे अंडी मागणारी पँट्रीची बंडलं आणि त्यांचं बक्षीस असलेलं ग्रीनहाऊस दुसऱ्या वर्षावर गेलं. गिरणीही पुढे ढकलली. तिला १५० लाकूड, ५० दगड, ४ कापडं आणि २,५०० गोल्ड लागतात. कापड ओल्या पेपरमधून येतंय, पण ऋतूला एखादंच.

१० ऑगस्ट, रविवार. हिवाळा १ ते ६. वर्षाचा ताळा

लाकूड: कन्स्ट्रक्शन बंडल १९८, पेटारा ५०, बुजगावणं ५०, टॅपर ८०, रीसायकलिंग २५, क्रॅब पॉट १७५, मधपेट्या १६०. एकूण ७३८. पंधराच्या हिशेबाने ४९ झाडं. काटक्यांनी यातली बरीच वाचवली. लावलेल्या बिया दुप्पट आहेत, पण शरद १० नंतरच्या अजून रोपंच आहेत. वहीत त्या झाड म्हणून धरलेल्या नाहीत.

कोळसा: बुजगावणं १, कुऱ्हाड ५, टॅपर ४, रीसायकलिंग १, क्रॅब पॉट १४, मधपेट्या ३६, स्प्रिंकलर १२, रॉड २. एकूण ७५. त्यातला जवळजवळ निम्मा मधपेट्यांचा. उन्हाळा १० पासून शरद संपेपर्यंतच्या ४७ दिवसांत कचऱ्यातून हिशेबाने २० कोळसे आले. उरलेले ५५ खाणीतले. क्रॅब पॉट हिवाळ्यातही चालतात, त्यामुळे वसंतापर्यंत आणखी १२ जमा होतील.

सौर पॅनेल. पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीत घराघरांवर ती आहेत, म्हणून वेण्णाच्या शेतातही हवीत अशी इच्छा होती. पॅनेलला १० रिफाइन्ड क्वार्ट्झ, ५ आयर्न बार, ५ गोल्ड बार लागतात. क्वार्ट्झ भट्टीतलं असेल तर २० कोळसे, कचऱ्यातलं असेल तर १०. ऊन असलेल्या ७ दिवसांनी एक बॅटरी मिळते. रॉडला १ कोळसा पडतो पण हिवाळ्यात तो बंद असतो, पॅनेल ऊन असेल त्या दिवशी चालतं. अडचण वेगळीच आहे. पॅनेलची कृती गावातल्या कॅरोलाइनने फलकावर दिलेल्या कामातून मिळते आणि ते काम जिंजर बेटावरच्या पिकांचं आहे. बेटावर जायची बोट दुरुस्त करायला २०० हार्डवूड, ५ इरिडियम बार आणि ५ बॅटऱ्या लागतात, तीही कम्युनिटी सेंटर पूर्ण झाल्यावर. म्हणजे पहिल्या पाच बॅटऱ्या विजेच्याच हव्यात.

कचऱ्यातून आलेल्या ३७ च्या आसपास क्वार्ट्झपैकी ८ खर्च झाले. उरलेल्यातले २० दोन पॅनेलसाठी वेगळ्या पेटाऱ्यात ठेवले, ते दुसऱ्या कशालाही वापरायचे नाहीत. हार्डवूडसाठी रोज निम्मेच, ४ बुंधे तोडायचे, म्हणजे ८ नग. हिवाळ्यातही उगवतात, २५ दिवसांत २०० होतील.

वसंत १ ची कामं, क्रमाने: टॅपर रिकामे करणं. अडकलेल्या रोपांच्या शेजारी कुठलं झाड पूर्ण झालंय ते बघून रोपं हलवणं. रानबियांची पट्टी पेरणं. ट्यूलिपच्या ४ बिया मधपेट्यांच्या मध्ये. तिसरा रॉड, पंख जमले असतील तरच. पाचवी मधपेटी कचऱ्यातून ९ कोळसे वेगळे निघाल्यावर.